वही कोणाच्या हातात?

सोलापुरात रिक्षावाल्याला ‘सेटलमेंट’ म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. ब्रिटिशांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आणला. त्याच सुमारास सोलापुरात काटेरी तारांच्या आत ही वसाहत उभी राहिली. कैकाडी, टकारी, भामटा, पारधी, कंजारभाट, मांग-गारुडी अशा जमातींची कुटुंबं तिथे आणून ठेवली गेली. गिरण्यांना मजूर मिळाले आणि पोलिसांना यादी मिळाली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला, तारा निघाल्या, वस्त्यांना ‘फ्री कॉलनी’ असं नाव आलं. आज सरकारदरबारी यांतले फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत, तर कैकाडी, कंजारभाट, भामटा विमुक्त जातींत.

या वस्तीत मनाच्या दुखण्याला आधार कोणी द्यायचा आणि कसा, यावर दोघांचं बोलणं खाली दिलं आहे. साहेब सरकारी रुग्णालयातून समाजसेवा अधीक्षक (मनोविकृती) या पदावरून निवृत्त झाले आहेत. आक्का सेटलमेंटमध्ये वाढल्या, बिड्या वळल्या, बचत गट चालवला, आणि मधली काही वर्षं स्वतः नैराश्यात काढली. ही दोन्ही माणसं लेखकाने रचलेली आहेत. त्यांच्यातलं भांडण मात्र रचलेलं नाही.

साहेब: आक्का, मला एक कोडं सुटत नाही. वस्तीत शिबिर लावलं की डोळ्यांच्या तपासणीला रांग लागते, साखर-बीपीला रांग लागते. मानसिक आरोग्याचं टेबल तेवढं रिकामं राहतं. सगळे सुखात आहेत असं मी समजायचं का?

आक्का: त्या टेबलावर काय मांडलेलं असतं, ते सांगा की.

साहेब: फॉर्म. नाव, वय, पत्ता, घरात माणसं किती, झोप लागते का, नको ते विचार येतात का.

आक्का: आणि खाली सही, नाहीतर अंगठा. माझा आजा हजेरीला उभा राहायचा. रात्री शिपाई येऊन झोपलेली डोकी मोजायचा. पावण्याच्या लग्नाला जायचं तर पास काढायचा. तेव्हापासून आमच्यात नाव लिहून घेणारा माणूस दारात आला की बाया आधी पोरांना आत ओढतात. साखर वाढली म्हणून कोणाला चौकीत नेत नाहीत, म्हणून साखरेला रांग. डोक्यात काय चाललंय ते कागदावर लिहून द्यायला कोण येणार?

साहेब: कायदा जाऊन सत्तर वर्षं उलटली.

आक्का: तो गेला, पण १९५९ ला सराईत गुन्हेगारांचा आलाच की. कुठंही घरफोडी झाली की गाडी आधी आमच्या गल्लीत वळते. तुमच्या हिशेबानं सत्तर वर्षं झाली. ज्याच्या दारात काल रात्री गाडी आली, त्याला एक दिवस झालाय.

साहेब: मान्य. पण यादीत नसण्याचंही नुकसान असतं, ते तुम्ही बघत नाही. २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं. शंभरात दहाहून थोडी जास्त प्रौढ माणसं कसल्या ना कसल्या मानसिक आजाराने त्रस्त निघाली. त्यांतल्या बहुतेकांना उपचार मिळालेच नाहीत. ही तूट आजारानुसार ७० ते ९२ टक्के होती. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झालं आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. सेटलमेंटचा आकडा तर सोडाच. आकडा नाही म्हणून पद नाही, पद नाही म्हणून माणूस नाही, माणूस नाही म्हणून टेबल रिकामं. मी नोकरीभर हेच चक्र पाहिलं.

आक्का: आकडा हवाय ना? आकडा आम्ही देऊ. नावं कशाला पाहिजेत?

साहेब: नाव नसेल तर पुढच्या महिन्यात गोळ्या संपल्यावर तुम्हाला शोधायचं कसं? पण हा मुद्दा जरा बाजूला ठेवू. मला आधी सांगा, दारात गाडी येण्याची भीती हा आजार आहे का? मला तसं वाटत नाही. ती शहाणपणाची भीती आहे. तिच्यावर गोळी देणं म्हणजे पोलिसांचं काम दवाखान्याने निस्तरणं. आम्ही आजारापुरतं बोलावं, बाकीचं तुम्ही मोर्चे काढून मिळवावं. असं सरळ वाटून घेतलं तर काय बिघडलं?

आक्का: वाटणी झाली असती तर बरंच झालं असतं. माझ्या पोराला चौकशीला उचललं आणि सोडलं. गुन्हा काही नव्हता. पोरगं आलं, जेवलं, कामाला लागलं. माझी झोप मात्र गेली ती गेलीच. रात्री पावलं वाजली की उठून बसायची. नंतर पावलं नसली तरी बसायला लागले. मग उठणंच बंद झालं. अंथरुणातून हात उचलायचा तर मणाचा. आता सांगा, यातलं मोर्चाचं कुठवर आणि दवाखान्याचं कुठून?

साहेब: पावलं नसताना उठून बसायला लागलात, तिथून दवाखान्याचं.

आक्का: मी गेले होते एका डॉक्टरांकडं. भूक, झोप, रडू, जीव द्यावासा वाटतो का, सगळं विचारलं. काय झालं होतं, एवढंच विचारलं नाही. गोळीनं झोप आली, खोटं कशाला बोलू. पण दिवसा काय करायचं? शेजारची तेलुगू बाई तिचं सूप घेऊन माझ्या उंबऱ्यात येऊन बसायला लागली. पानं कापायची, तंबाखू भरायची, बोलायची काही नाही. एका दुपारी आपणहून म्हणाली, नवऱ्याला नेलं होतं तेव्हा माझंही असंच झालं होतं. त्या दिवशी मी पुन्हा बिडीचं पान हातात घेतलं.

साहेब: गोळीनं झोप आली म्हणून तिचं बोलणं तुमच्यापर्यंत पोचलं.

आक्का: आणि ती येत राहिली म्हणून मी गोळ्या सोडल्या नाहीत. तुमच्या कागदात गोळीचं नाव असेल. तिचं नाव कुठं आहे?

साहेब: नाही. आणि ही चूक फक्त आपल्याकडची नाही. झिम्बाब्वेत हरारे शहरात डिक्सन चिबांडा नावाचे मानसोपचारतज्ज्ञ आहेत. त्यांच्या एका तरुण रुग्णाने आत्महत्या केली. इस्पितळात परत यायचं ठरलं होतं, पण घरच्यांकडे बसभाड्याला पैसे नव्हते. त्यातून २००६ मध्ये त्यांनी वस्तीतल्या आज्या गोळा केल्या. सुरुवात चौदा जणींपासून झाली. दवाखान्याच्या आवारात एक बाक टाकायचा, आजीने शेजारी बसायचं, ऐकायचं, आणि डोक्यावरच्या दहा अडचणींतली एक निवडून आधी तीच सोडवायला मदत करायची. २०१६ मध्ये त्याची रीतसर चाचणी छापून आली. नेहमीच्या उपचारांपेक्षा आज्यांकडे गेलेल्यांची लक्षणं जास्त कमी झाली होती.

आक्का: बसभाड्याचं तुम्ही आता बोललात. कुंभारीच्या विडी घरकुलातून सिव्हिलला यायचं तर रिक्षा आणि बुडालेल्या बिड्या, दोन्ही धरावं लागतं. हजार बिड्यांची मजुरी गेली की त्या दिवशीचं तेल-मीठ गेलं.

साहेब: म्हणून तर मी आज्यांच्या बाजूने आहे. आपल्याकडेही झालंय. नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्यातल्या आदिवासी गावांत २०१३ च्या सुमारास ‘आत्मीयता’ हे काम सुरू झालं, पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राकडून. गावातलीच माणसं निवडली, ऐकायचं कसं ते शिकवलं, मोबाइलवर छोट्या फिल्मा दिल्या. ज्याला जास्त त्रास त्याला दवाखान्यापर्यंत पोचवायचं, आणि ज्याचा त्रास रेशन-पेन्शनमुळे आहे त्याला त्या कचेरीपर्यंत. विदर्भात अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला, तीस गावांत. आधी नैराश्य असलेल्या शंभरांतली चार-पाच माणसं कोणाची तरी मदत घेत होती. दीड वर्षाने सत्तावीस घ्यायला लागली. गावची माणसं हे करू शकतात, यावर माझा आक्षेपच नाही.

आक्का: मग कशावर आहे?

साहेब: देवावर. म्हणजे देवाच्या नावावर जे चालतं त्यावर. भगताने चटके दिलेल्या मुली मी वॉर्डात बघितल्यात. झटके येणाऱ्या पोराला घरचे वर्षभर उतारे करत फिरवतात, आणि येतात तेव्हा त्याच्या अंगात त्राण नसतं. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या दाभोलकरांचा खून झाला तेव्हा, २०१३ मध्ये, कुठे जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, बांधणं, धूर देणं हा आता गुन्हा आहे. आणि इकडे आम्हाला सांगतात, ‘लोकांच्या संस्कृतीतून उपचार घडवा.’ कोणत्या संस्कृतीतून? चटक्यांच्या?

आक्का: चटके देणाऱ्याला आत टाका, मी पंच म्हणून सही करते. पण तुळजापूर आम्हाला पंचेचाळीस किलोमीटर, गाणगापूर भीमेच्या काठानं पलीकडं, आणि तुमचं येरवड्याचं मनोरुग्णालय अडीचशे. माणूस आधी कुठं जाणार? आणि तिथं काय फक्त चटकेच असतात? माझ्या आत्याच्या अंगात यायचं. एरवी नवऱ्यापुढं तोंड न उघडणारी बाई, वारं आलं की चारचौघांत त्याला नाव घेऊन झापायची, आणि तो हात जोडून उभा राहायचा. तिला तेवढीच जागा होती बोलायला. ती जागा तुम्ही बंद केली तर दुसरी कोणती देणार?

साहेब: एक अभ्यास मी तुमच्याच बाजूने सांगतो, म्हणजे मी अर्धंच सांगतो असं नको. तमिळनाडूत मुत्तुस्वामींचं एक देऊळ आहे. गंभीर मानसिक आजाराची माणसं तिथे येऊन राहतात. बंगळुरूच्या डॉक्टरांनी त्यांतल्या एकतीस जणांना येताना आणि जाताना तपासलं. २००२ मध्ये ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. मुक्काम सरासरी सहा आठवड्यांचा. वेगळा असा विधी नाही, सकाळची छोटी पूजा, मग झाडलोट, झाडांना पाणी. लक्षणं जवळजवळ वीस टक्क्यांनी कमी झाली. काही नव्या औषधांनीही तेवढाच फरक पडतो. अभ्यास लहान आहे, तुलनेला दुसरा गट नाही, त्यामुळे मी त्यावरून फार काही ठरवणार नाही. पण हे झालं.

आक्का: मग?

साहेब: मग त्याच्याच आदल्या वर्षी, त्याच राज्यात, एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या आश्रमात आग लागली. ६ ऑगस्ट २००१. माणसं साखळदंडांनी बांधलेली होती. पळता आलं नाही. अठ्ठावीस मेली. दोन्हीकडे श्रद्धाच होती, आक्का.

आक्का: त्या देवळात माणसासोबत घरचं कोणी राहत होतं का?

साहेब: होय. नातेवाइकाने सोबत राहायचं, ही तिथली रीत.

आक्का: आणि एरवाडीला घरचे सोडून गेले होते.

साहेब: बहुतेकांना.

आक्का: मग माझं उत्तर त्यात आलं. सोबत कोणी आहे का, आणि दार उघडं आहे का, हे दोन प्रश्न दर्ग्याला विचारा, देवळाला विचारा. तुमच्या इस्पितळालाही विचारा.

साहेब: इस्पितळाला विचारायची सोय २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने केली आहे. साखळीने बांधण्यावर त्यात बंदी आहे आणि ती सगळीकडे लागू आहे. गुजरातेत मेहसाण्याजवळ मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून मुजावर आणि डॉक्टर एका आवारात बसायला लागले. दुआही घ्या, दवाही घ्या. मुजावराला शिकवलं की कोणाला डॉक्टरकडे पाठवायचं. गाणगापूरला, तुळजापूरला असं काही झालं तर मी निवृत्ती मोडून जाईन.

आक्का: पुजाऱ्याला तुम्ही शिकवणार. तो तुम्हाला काही शिकवणार की नाही?

साहेब: त्यावर नंतर भांडू. आता माझा खरा आक्षेप ऐका, कारण तो तुम्हाला आवडणार नाही. आपली माणसंच आपल्या माणसांना आधार देतील, हे ऐकायला छान वाटतं. पण ओपीडीत कितीतरी बाया मुद्दाम लांबून येतात. जवळच्या दवाखान्यात ओळखीचं कोणी दिसेल म्हणून चार मैल पुढे जातात. त्यांना परकाच माणूस हवा असतो. परक्याला त्यांच्या मुलीची सोयरीक मोडता येत नाही. तुमच्या गल्लीत सकाळी सांगितलेलं दुपारी नळावर पोचतं.

आक्का: पोचतं.

साहेब: तुमच्या गटात झालंय असं?

आक्का: झालंय. एका पोरीनं विश्वासानं सांगितलं, ते फुटलं, आणि पंचांपर्यंत गेलं. दंड तिच्या बापाला भरावा लागला. ती पोरगी आता आमच्याकडं बघत नाही.

साहेब: म्हणून मला ‘समाजाच्या संस्कृतीनुसार’ हे शब्द ऐकले की धास्ती वाटते. समाज म्हणजे कोण? जातपंचायतही संस्कृतीच सांगते. वाळीत टाकण्याविरुद्ध राज्याला २०१६ मध्ये कायदा करावा लागला, तो काही उगाच नाही. कंजारभाट समाजातल्या मुला-मुलींनी २०१८ मध्ये कौमार्य चाचणीविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा त्यांना ‘तुम्ही संस्कृती बुडवता’ असंच ऐकवलं गेलं. उद्या आम्ही वस्तीत येऊन ‘तुमचे प्रतिनिधी द्या’ म्हटलं, तर समोर कोण येईल? पंच येतील, पुरुष येतील, आवाज असलेले येतील.

आक्का: ती पोरंही कंजारभाटच होती की. बाहेरून कोणी पाठवली नव्हती. पंचांकडं रीत होती आणि त्या पोरींकडं त्या रीतीचे वळ होते. दोन्ही आमचंच. तुम्ही आधी ज्याच्या अंगावर वळ आहेत त्याला बोलवा. अनुभव अनुभव म्हणता ना, तो सगळ्या जातीला सारखा वाटून दिलेला नसतो.

साहेब: हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

आक्का: लिहा, नाव घालू नका. आणि रीत काही फक्त पंचांच्याच हातची नसते. आमच्यात मयत झालं की त्या घरी चूल पेटत नाही. भावकी, शेजारी कडू घास घेऊन जातात, आग्रह करून खायला घालतात. किती जुनी रीत. पण ज्याचं पोरगं तुरुंगात गेलं, ज्याच्या बाईनं औषध प्यायलं आणि वाचली, त्याच्या घरी कोणी डबा नेत नाही. मेलेल्याचं दुःख सगळ्यांचं, अन् लाज मात्र ज्याची त्याची. त्या पोरीचं प्रकरण झाल्यावर आम्ही गटातल्या चौघी-पाच जणींनी ठरवलं, तिथंही कडू घास न्यायचा. काही विचारायचं नाही. भाकरी ठेवायची, जेवेपर्यंत बसायचं, उठून यायचं. पहिल्यांदा म्हाताऱ्या ओरडल्या, जित्या माणसाच्या दारात कडू घास नेता? नंतर त्याच पिठलं करून द्यायला लागल्या.

साहेब: आणि त्यातून कोणी बोलतं?

आक्का: कोणी दुसऱ्या दिवशी बोलतं, कोणी कधीच नाही. पण आता आमच्या येण्याला कारण आहे. ‘तुमच्या मानसिक आरोग्यासाठी आलोय’ म्हणून कोणाच्या दारात उभं राहता येत नाही, साहेब. भाकरी घेऊन राहता येतं.

साहेब: न्यूझीलंडच्या माओरी लोकांत मेसन ड्यूरी नावाचे मानसोपचारतज्ज्ञ झाले, स्वतः माओरी. त्यांनी १९८० च्या दशकात आरोग्य म्हणजे चार भिंतींचं घर अशी मांडणी केली. शरीर, मन, आत्मा आणि कुटुंब. एक भिंत कच्ची असली तरी घर डळमळतं. सरकारी धोरणातही ती मांडणी घेतली गेली. तुमचा कडू घास मला त्या कुटुंबाच्या भिंतीत बसताना दिसतो.

आक्का: चार भिंती बरोबर. जमीन कोणाची आहे त्या घराखाली? आमच्या पारध्यांची पालं उठवतात, पेटवतात, तेव्हा कोणती भिंत धरायची? तुमची माणसं येतात, कुटुंब जोडतात, मन जोडतात. सातबाऱ्याचं कोणी बोलत नाही.

साहेब: जमीन ही त्या घराचा पाया, असं तिथले लोकही म्हणतात. पण एक समुपदेशक सातबारा देऊ शकत नाही.

आक्का: देऊ नका. पण ‘याला पाल उठवल्यामुळे झोप नाही’ एवढं तुमच्या कागदावर लिहा. नुसतं ‘नैराश्य’ लिहिलं की साहेब सुटला, तहसीलदार सुटला, पोलीस सुटला, आणि आमचं डोकंच तेवढं धरलं गेलं.

साहेब: पुण्यात भार्गवी दावर हेच म्हणायच्या, त्यांच्या शब्दांत. त्यांच्या आईला मनोरुग्णालयांत ठेवलेलं त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. पुढे १९९९ मध्ये त्यांनी बापू ट्रस्ट काढला, पुण्याच्या वस्त्यांत काम उभं केलं. माणसाला वॉर्डात नेण्यापेक्षा वस्तीच सोसणारी करा, हा त्यांचा आग्रह. आमच्या खात्यातल्या पुष्कळांना त्यांचा राग यायचा. मलाही यायचा. कारण वस्तीत न सोसणारा आजार असतो, आक्का. आवाज ऐकू येणारा पोरगा, बाळंतपणानंतर बाळाला ओळखत नसलेली आई, हातात दोर घेतलेला माणूस. तिथे पिठलं-भाकरी पुरत नाही. तिथे उशीर म्हणजे जीव.

आक्का: तिथं आम्ही तुमच्याकडंच येणार. पण विष प्यायलेल्याला सिव्हिलला न्यायचं म्हटलं की घरचे म्हणतात, केस होईल.

साहेब: २०१७ च्या कायद्याच्या ११५ व्या कलमाप्रमाणे अशा माणसाला तीव्र ताण होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही आणि सरकारने त्याची काळजी घ्यायची. नव्या न्याय संहितेत तर जुनं ३०९ कलम त्या रूपात राहिलेलंच नाही.

आक्का: पण जबाब घ्यायला पोलीस येतोच की खाटेशी.

साहेब: येतो. दवाखान्याला कळवावं लागतं.

आक्का: तुमच्या गल्लीत पोलीस येणं म्हणजे कागद. आमच्यात ते काय असतं, ते मघाशीच सांगितलं. तेव्हा जबाबाच्या वेळी आमच्यातली एक बाई खाटेशी बसलेली पाहिजे. लिहून द्या, मगच आम्ही माणूस आणतो.

साहेब: मग चला, लिहूनच काढू. मघाशी बाजूला ठेवलेला मुद्दा आता घेऊ. वही ठेवायची की नाही?

आक्का: ठेवायची. पण वस्तीतली वही आमच्याकडं. तिच्यात नाव नाही. या महिन्यात किती घरी गेलो, कशापायी गेलो, काय लागलं, एवढंच. दारू, कर्ज, पोलीस, नवरा, बाळंतपण, पाल उठवणं. त्यातून तुमचा आकडा होतो.

साहेब: आणि दवाखान्यातल्या केसपेपरवर नाव. तो पेपर आमच्याकडे, कायद्याने गुप्त. २०१७ च्याच कायद्याचं २३ वं कलम रुग्णाला तो हक्क देतं. नाव त्या माणसाबरोबरच इकडे येईल, आधी येणार नाही. पण एक अट माझी. जिवाला धोका दिसला की गुपित संपलं. त्याच दिवशी सोबत घेऊन यायचं. रात्र असेल तर १४४१६ ला फोन लावायचा, तो चोवीस तास चालतो. तिथे ‘आमच्यातलं आमच्यात’ चालणार नाही.

आक्का: कबूल. माझीही एक. बचत गटाची वही वेगळी, ही वही वेगळी. कर्जाचा हप्ता मागणारी बाई कडू घास घेऊन जाणार नाही. आणि ज्याला गल्लीतलं कोणी नको असेल, त्याला आम्ही तुमच्या परक्या माणसाकडं पाठवू, रागावणार नाही. ते तुमचं खरं आहे.

साहेब: पंच वही मागतील.

आक्का: नाव नसलेली वही मागून काय करतील?

साहेब: मग उरला पैशांचा प्रश्न. पेठसारख्या ठिकाणी हे काम गावकरी सेवाभावाने करतात. पगार दिला की ते सरकारी माणूस होतात, लोक बोलायचे थांबतात.

आक्का: माझी दुपार म्हणजे पाचशे बिड्या. त्यातूनही कारखान्यात छाट काढतात ते वेगळं. सेवाभाव ज्याचं पोट भरलंय त्याला परवडतो. तुम्ही नोकरीभर माणसांचं ऐकलंत, तुम्हाला पेन्शन आहे. म्हणून काय लोक तुमच्याशी बोलायचे थांबले? अनुभव आमचा आणि मोबदला शिकलेल्यांना, हे चालायचं नाही. बुडालेल्या बिड्यांचे तरी पैसे द्या.

साहेब: मानधन म्हणून मागणी करता येईल. पण मानधनाला पात्रता लागते. प्रशिक्षण, प्रमाणपत्र.

आक्का: द्या की प्रशिक्षण, मी येते शिकायला. झटके कसे ओळखायचे, कोणाला लगेच न्यायचं, गोळी मध्येच का सोडायची नाही, मला हवंच आहे ते सगळं. पण तुमच्या शिकाऊ पोरांनी पण आमच्याकडं यायचं. महिनाभर. फॉर्म न घेता. बिड्या वळायच्या, डबा न्यायचा, जबाबाच्या वेळी खाटेशी बसायचं. मगच त्यांना तुमचं सर्टिफिकेट मिळेल.

साहेब: आणि ते पास झाले की नाही हे कोण ठरवणार?

आक्का: आम्ही.

साहेब: नापास केलंत तर?

आक्का: तर परत पाठवा. आम्ही नाही का तुमच्या दारात इतक्या वेळा परत आलो?